स्वॉर्म रोबोट्स (थव्यासारखे मिळून काम करणारे) फायनल इयर प्रोजेक्टला घ्यावेत का? आणि ड्रोन शो म्हणजे स्वॉर्मच ना?

शेवटचा_बाक:
मंडळी, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, चौघांचा ग्रुप, बजेट यथातथाच. गाईड म्हणतायत मुंग्या-मधमाश्यांसारखे एकमेकांशी बोलणारे रोबोट करा. मी म्हटलं २०२२ च्या बीटिंग रिट्रीटला दिल्लीत विजय चौकावर १००० ड्रोन उडवले तसं का, तर सर नुसते हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं? आणि लीडरच नसेल तर रोबोटला कळतं कसं कुठं जायचं ते?

घारीचा_डोळा:
सर बरोबर हसले 😄 ड्रोन शोमध्ये प्रत्येकाचा मार्ग आधीच ठरवून दिलेला असतो, तो जीपीएस बघत आपल्या जागी जातो, शेजारी कोण आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. म्हणजे ती बसवलेली कवायत, भारी असते हे मान्य, पण थवा नाही. थव्यात प्रत्येकजण शेजाऱ्यांकडे बघून जागच्या जागी ठरवतो. रोमच्या आकाशातल्या साळुंक्यांच्या जातभाईंचे, स्टारलिंगचे थवे शास्त्रज्ञांनी फोटोंवरून मोजले तेव्हा दिसलं की एक पक्षी जवळच्या सहा-सात जणांनाच धरून उडतो, मग थवा दाट असो की विरळ. बुडापेस्टच्या विचेक यांच्या ग्रुपने असे ३० ड्रोन खरंच उडवले, २०१८ मध्ये पेपर आलाय, तो वाच.

सोल्डरिंगवाली:
लीडरशिवाय कसं जमतं ते किलोबॉट नावाच्या चिमुकल्या रोबोटमध्ये छान दिसतं. हार्वर्डला राधिका नागपाल यांच्या लॅबमध्ये रुबेनस्टाइन वगैरेंनी २०१४ मध्ये १०२४ रोबोट एकत्र चालवले, एकेक ३३ मिमीचा, चाकं नाहीत, मोबाईल थरथरतो तशा दोन मोटर आणि तीन काड्यांचे पाय. इन्फ्रारेड खाली टेबलावर पाडायचा आणि परतून शेजाऱ्याला मिळणार, एवढंच बोलणं, तेही काही सेंटीमीटरपर्यंत. आता गंमत बघ, एक रोबोट सांगतो 'मी ०', शेजाऱ्यांना मिळालेला सगळ्यात लहान आकडा अधिक १ म्हणजे त्यांचा आकडा, असं करत कडेपर्यंत सगळ्यांना आपण किती लांब आहोत ते कळतं. ज्याचा आकडा मोठा तो कडेचा, तो निघतो आणि घोळक्याच्या कडेकडेने सरकत ठरलेल्या आकारात जाऊन बसतो. वरून कुणी हाकत नाही.

स्पष्ट_बोलू_का:
हो पण त्या किलोबॉटना ताऱ्याचा आकार बनवायला बारा तासांच्या आसपास लागले होते हेही सांगा की. एका रोबोटिक आर्मने मिनिटात झालं असतं. पोरांना डेमोला पंधरा मिनिटं मिळतात, एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) काय जेवून येऊन बघणारेत का?

सोल्डरिंगवाली:
@स्पष्ट_बोलू_का मुद्दा वेगाचा नाहीच. हजारात काही बॉट अडखळणार, वाकडे जाणारच, तरी आकार बनला, हे महत्त्वाचं. आर्मची एक मोटर गेली की काम ठप्प. डेमोच्या वेळेचं म्हणाल तर पटलं.

मधमाशी_प्रेमी:
मग बीक्लस्ट करा ना, रोबोटचा घोळका जमवायची साधी पद्धत आहे. ऑस्ट्रियात ग्राझला श्मिकल यांच्या ग्रुपने कोवळ्या मधमाश्यांवरून केलंय. या माश्यांना साधारण ३६ अंशांची ऊब लागते, पण एकट्या माशीला ती जागा सापडेलच असं नाही, घोळक्याला मात्र सापडते. नियम बघ: सरळ चाल, भिंत आली तर वळ, दुसरा रोबोट भेटला तर थांब आणि उजेड मोज, जितका जास्त उजेड तितकं जास्त थांब, मग वळून पुढे. बास. उजेडात जोड्या जास्त वेळ थांबतात, म्हणून तिथेच नवीन भेटी होतात आणि घोळका वाढत जातो. एलडीआर (उजेड मोजणारा सेन्सर), दोन गिअर मोटर, इन्फ्रारेडची जोडी, पुण्याच्या तापकीर गल्लीत हिंडलात तर स्वस्तात होईल. खरी मेख भिंत आणि रोबोट वेगळे ओळखण्यात आहे: आपला इन्फ्रारेड एलईडी क्षणभर बंद करायचा, तरी सिग्नल येतोय म्हणजे समोर दुसरा बॉट. आणि खिडकीचे पडदे लावा, उन्हात इन्फ्रारेडचा पार बोऱ्या वाजतो.

शेवटचा_बाक:
हे जमेल असं वाटतंय!! पण सर म्हणणार 'एकमेकांशी बोलणारे' हवेत, यात तर कुणी कुणाला काहीच सांगत नाही?

मधमाशी_प्रेमी:
'मी इथे आहे' एवढं तर सांगतो की. सरांना अजून हवं असेल तर थांबलेल्या बॉटने आपल्या उजेडाचा आकडा पण पाठवायचा, मग बोलणारे आणि मुके असे दोन्ही चालवून कुठला घोळका लवकर जमतो ते मोजा, रिपोर्टला ग्राफही मिळतील. आधी पाच-सहा बॉट करा, दोघांत काहीच दिसणार नाही.