टायगर-मोती सोडून तुमच्या कुत्र्याचं नाव काय आणि कसं पडलं?

आमच्याकडे नुकतंच पिल्लू आलंय, गावठी, नर, काळंभोर. शेरू, ब्रूनो, मोती सगळं सुचवून झालं पण गंगापूर रोडला संध्याकाळी ब्रूनो म्हणून हाक मारली तर दोन-चार कुत्री वळून बघतात. ह्याला ह्याचं स्वतःचं नाव हवंय. ज्यांनी वेगळं ठेवलंय त्यांनी लिहा ना, कसं सुचलं, लोकांच्या तोंडात बसलं का?

आमचा गौतमीपुत्र! गोदाघाटावर एक भटकी कुत्री आहे, फुलवाल्या मावशी तिला गौतमी म्हणतात, गोदावरीला आपण गौतमी म्हणतोच की. तिचं पिल्लू घरी आणलं तर दुसरं नाव सुचेचना. पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या लेकाचा पराक्रम कोरून घेतलाय, तो सातवाहन राजा आईचं नाव लावायचा हे मला शाळेपासून फार आवडतं. काका चिडले, एवढ्या मोठ्या राजाचं नाव कुत्र्याला देता का म्हणून, मी म्हटलं राजाचं नाही हो, ह्याच्या आईचं दिलंय. हाक मारायला लांब पडतं म्हणून घरात पुत्र्या, लसीच्या कार्डावर मात्र पूर्ण नाव. अधूनमधून त्याला घाटावर आईला भेटायला नेतो, दोघं नुसती नाचतात.

मला काकांचं पटतं. देव, राजे, संत नकोच, कोणाचं मन दुखलं तर राग त्या मुक्या जिवावर निघतो. आमचा छापा. सासरे नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत, 1928 पासून तिथे नोटा छापतात, आणि पिल्लाच्या पांढऱ्या अंगावर शिक्के मारल्यासारखे काळे ठिपके, बघताक्षणी म्हणाले हा आपला छापा.

आम्ही निफाडकडचे, रंगावरून बेदाणा. बागेत राखणीला असतो, गडी गुणाचा आहे. पण कळकळीने सांगते, द्राक्षं किंवा बेदाणे कुत्र्याला एकही देऊ नका, किडनी निकामी होऊ शकते, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील ते आधी कळत नाही. खाल्लेच तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा. नाव ऐकून लोक लाडाने बेदाणेच पुढे करतात, आई धावत जाऊन हात धरते. हंगामात खाली पडलेले मणी आधी गोळा करतो, मगच त्याला सोडतो.

नाव काहीही ठेवा पण दोन-तीन अक्षरी ठेवा, शेवटचा स्वर मोकळा हवा म्हणजे लांबून हाक जाते. बस, ये, नको ह्यांच्यासारखं वाटणारं नको, ओळखीत एक बसू आहे तो हाक मारली की येत नाही, तिथेच बसतो बिचारा. आणि रागावताना नाव घेऊ नका. मोठा कुत्रा दत्तक घेतला असेल तर काही दिवस जुनं-नवं नाव जोडून हाक मारा, खाऊ द्या, पटकन शिकतात.

सिडकोतून. आमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला नसबंदीची खूण म्हणून खाच आहे, आणि चांदवडकडच्या धोडप किल्ल्याच्या कातळभिंतीत पण तशीच खाच, म्हणून तो धोडप. मुलगा ट्रेकला जातो त्याने ठेवलं. आता सगळी गल्ली त्याला धोडपच म्हणते, वॉचमनकाकांनी तर किल्ला कुठेय विचारलं, येत्या पावसाळ्यानंतर त्यांना घेऊन जाणार आहोत.