मदत हवी आहे: हिमालयापाशी प्लेटचा वेग दुपटीहून जास्त येतोय

मुंबईतल्या आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून प्लेटच्या (भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या तुकड्यांच्या) वेगाचं गणित करून घेतोय. साधन फक्त स्प्रेडशीट, प्रोग्रॅमिंग नाही.

एनएनआर-मॉर्व्हेल५६ (जगातल्या ५६ प्लेटच्या गतीचं मॉडेल) मधले ऑयलर ध्रुव (ज्या बिंदूभोवती प्लेट फिरते तो बिंदू) आणि फिरण्याचा वेग घेतले. भारत: ५०.३७ उत्तर, ३.२९ पश्चिम, दहा लाख वर्षांत ०.५४४ अंश. युरेशिया: ४८.८५ उत्तर, १०६.५० पश्चिम, ०.२२३ अंश. मुंबईचा वेग वर्षाला ५५.५ मिमी, ईशान्येकडे आला. हे जीपीएसशी बऱ्यापैकी जुळतं, म्हणजे सूत्र बरोबर असावं. (पहिल्यांदा अंशांचे रेडियन करायचे राहिले होते आणि मुंबई भलतीकडेच पळत होती!)

अडतंय पुढे. काठमांडूला भारताचा युरेशियासापेक्ष वेग ४५ मिमी येतो, उत्तरेपासून सुमारे २२ अंश पूर्वेकडे. नेपाळच्या हिमालयात जीपीएसने मोजलेलं आकुंचन (दोन बाजू दरवर्षी एकमेकींकडे सरकतात ते अंतर) मात्र साधारण १८ ते २० मिमी. दोन वेगांची नुसती वजाबाकी केलेली नाही. कोनीय वेगाचे तिन्ही घटक वेगळे वजा केलेत. पर्वतरांगेला लंब घटक काढूनही फरक जेमतेम पडतो, कारण दिशा जवळपास लंबच आहे.

उरलेला वेग तिबेट, तिएन शान (मध्य आशियातली पर्वतरांग) वगैरे भागांत वाटला जातो हे वाचलंय. पण गणितात ते कसं आणायचं? युरेशियाऐवजी दक्षिण तिबेट स्थिर धरायचा का? धरला तर त्याच्यासाठी वेगळा ध्रुव लागेल, की तिबेटमधल्या ल्हासाच्या एका जीपीएस केंद्राचा वेग वजा केला तरी चालेल?