दूध काढायच्या पंपाचा २४ चा फ्लँज (छातीवर बसतं ते नरसाळं) लावला की डावीकडे दुखतं, दूधही पुरतं निघत नाही. साईज कसा ठरवायचा?

गंगापूररोड_आई
बाळ साडेचार महिन्यांचं. डबल इलेक्ट्रिक पंप आहे, सोबत आलेला फ्लँज २४ मिमीचा. उजवीकडे बऱ्यापैकी निघतं. डावीकडे पाच मिनिटांतच कळ येते आणि वीस मिनिटांनंतरही छाती दाटलेलीच राहते. पंप काढल्यावर स्तनाग्राभोवतीचा काळा भाग सुजल्यासारखा दिसतो. सक्शन ९ पैकी ७ वर ठेवते. पुढच्या महिन्यात नाशिकच्या अंबडला कामावर हजर व्हायचंय. फ्लँज मोठा पडतोय की लहान? नेमकं कुठे मोजायचं? दोन्हीकडे वेगवेगळे साईज चालतात का?

वॉर्डातली_सिस्टर
लिहिलंय त्यावरून मोठा पडतोय. फ्लँजच्या नळीत फक्त स्तनाग्र जायला हवं. नळी सैल असली की काळा भागही आत खेचला जातो, तिथे सूज येते, दुधाच्या नलिका दाबल्या जातात आणि दूध मागेच अडकतं. फ्लँज लहान पडला तर खुणा वेगळ्या असतात: स्तनाग्र नळीच्या कडांना घासतं, मागेपुढे हलत नाही, बुडाशी पांढरी गोल रेघ उमटते, कधी साल निघते.

मोजायचं ते स्तनाग्राचं बूड, आडवं, मिलिमीटरमध्ये. काळा भाग धरायचा नाही. लांबीचा इथे संबंध नाही. पाजल्यानंतर किंवा पंप केल्यानंतर स्तनाग्र फुगलेलं असतं, म्हणून आधीच मोजा. शिवणाची टेप वळते आणि आकडा फुगतो, शाळेची प्लास्टिकची पट्टी बरी. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा, फरक असणं अगदी नेहमीचं आहे.

फ्लँजवरचा आकडा नळीच्या आतल्या रुंदीचा असतो, पसरट तोंडाचा नाही. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं, त्यापेक्षा २४ ची नळी जेमतेम ३ मिमीनं अरुंद. नाणं समोर ठेवून बघा, एवढी जागा खरंच लागते का ते डोळ्यांनाच कळेल. पंपासोबत २४ किंवा २८ येतो म्हणून तोच आपला साईज, असं धरून चालू नका.

गंगापूररोड_आई
मोजलं. डावीकडे १५, उजवीकडे १८. पुस्तिकेत ४ मिमी मिळवा म्हटलंय. म्हणजे १९ आणि २२?

दूधगंगा_नाशिक
ते जुनं गणित झालं. हल्ली बरेच स्तनपान सल्लागार मोजमापाएवढ्याच साईजपासून २-३ मिमी जास्तीपर्यंत चाचपून बघायला सांगतात. तुम्ही डावीला १५ आणि १७, उजवीला १९ आणि २१ लावून बघा. आकडा फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो, निवाडा पंप चालू असताना होतो.

उघडलेला फ्लँज दुकानदार सहसा परत घेत नाहीत, म्हणून चाचपायला आधी सिलिकॉनचे इन्सर्ट घ्या. ते २४ च्या नळीत बसतात आणि तिला अरुंद करतात. कड चौफेर दाबून बसवा. कुठे फट राहिली तर हवा शिरते, सक्शन पडतं आणि दूध इन्सर्टच्या मागे साचतं. एकदा साईज ठरला की त्याच मापाचा अख्खा फ्लँज घेतलेला चांगला, धुवायचा एक भाग कमी होतो.

लावताना फ्लँजच्या आतल्या कडेला पाण्याचं किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवा. एकच थेंब, जास्त झालं की फ्लँज घसरतो. थोडं पुढे वाका, स्तनाग्र नळीच्या मधोमध आणा आणि हलक्या हातानं टेकवा. कडा छातीत रुतेल इतकं दाबू नका, त्यानंही नलिका बंद होतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी प्लास्टिक गारठलेलं असतं, तेव्हा फ्लँज आधी कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्या.

आधी जलद आणि हलका मोड, साधारण दोन मिनिटं किंवा पान्हा फुटेपर्यंत. धारा लागल्या की संथ मोड. सक्शन एकेक पायरी चढवा, जिथे खुपायला लागेल तिथून एक पायरी खाली या. तीच तुमची पायरी, मग ती ३ असो की ५. सातवर ठेवल्यानं दूध जास्त येत नाही. दुखलं की शरीर आखडतं आणि पान्हाच फुटत नाही.

स्क्रू_आणि_व्हॉल्व्ह
वरचं बरोबर आहे, पण दुखतंय एकाच बाजूला म्हणून खरेदीआधी फुकटची एक तपासणी करा. डावीकडचा सगळा संच उजवीकडे लावा आणि उजवीकडचा डावीकडे. त्रास संचासोबत उजवीकडे गेला तर दोष सुट्या भागांत आहे. डावीकडेच राहिला तर मापात.

सुट्या भागांत पहिला संशय बदकचोचीच्या व्हॉल्व्हवर (फ्लँजखाली बसणारी, चोचीसारखी चीर असलेली मऊ झडप). सक्शन नसताना त्याची चीर पूर्ण मिटलेली हवी, उजेडासमोर धरल्यावर उघडी दिसली तर बदला. धुताना चिरेत बोट किंवा ब्रश घालू नका, व्हॉल्व्ह बहुतेक तिथेच मरतो. दिवसातून तीन-चार वेळा पंप होत असेल तर एक-दोन महिन्यांत तो सैल पडतो आणि आपण सक्शन वाढवत बसतो. पंपाला जोडणाऱ्या हवेच्या लवचिक नळीत वाफेचे थेंब दिसले तर बाटली काढून पंप दोन-तीन मिनिटं नुसता चालवा. दूधच त्या हवेच्या नळीत गेलं असेल तर ती बदला.

आणखी एक. काहींचं स्तनाग्र खूप ताणतं, माप १५ असलं तरी नळीच्या टोकापर्यंत जाऊन आपटतं. तसं दिसलं तर मोठ्या फ्लँजकडे वळू नका. लहान, मऊ सिलिकॉनचा घ्या आणि सक्शन उतरवा.

गंगापूररोड_आई
अदलाबदल केली, त्रास डावीकडेच राहिला. इन्सर्टचा सेट मागवलाय. पंप काढल्यावर स्तनाग्राचं टोक पांढरं पडून दोन मिनिटं जळजळतं, तेही मापामुळेच?

वॉर्डातली_सिस्टर
होऊ शकतं. जास्त सक्शननं रक्तवाहिन्या आखडतात. पंप काढल्याबरोबर कोरडा गरम कपडा धरा, पंख्याचा वारा थेट लागू देऊ नका. माप बदलूनही आठवडाभरात थांबलं नाही, किंवा पंप नसतानाही टोक पांढरं-निळं पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. दाटलेल्या जागी लाल चट्टा, दुखरी गाठ आणि ताप असेल तर मात्र आठवडा थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. दूध काढणं मधे बंद करू नका.

आता अंबडचं. दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं, पण एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये शेडखाली २५ कुठलं! काढल्या काढल्या बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या डब्यात ठेवा, तिथे २४ तास चालतं. घरी आल्यावर फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, दारात नको. फ्रिजमध्ये ४ दिवस. आणि सामाजिक सुरक्षा संहितेनं (आधीचा मातृत्व लाभ कायदा) बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन स्तनपान-सुट्या मिळतात, हे एचआरला हजर होण्याआधीच लेखी कळवा. पंप त्या वेळेत बसवता येतो.

दूधगंगा_नाशिक
पर्समध्ये हाताचा पंपही असू द्या, लाईट गेली किंवा चार्जिंग संपलं तर. त्याच्या फ्लँजचा साईज मात्र वेगळा तपासा. डावीचे इन्सर्ट त्यात बसतीलच असं नाही.