विदर्भात वाघाशिवाय काय पाहिले? अनुभव धागा

विदर्भातील वन्यजीव म्हटले की बोलणे ताडोब्याच्या वाघापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. परंतु आपल्यापैकी अनेकांचे बालपण ज्या वावरांत, ई-क्लासच्या (सरकारी चराईच्या) माळांवर आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी गेले, तिथे लांडगा, घुबड, सारस आणि अस्वल पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. आपण स्वतः काय पाहिले, कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाहिले, ते कृपया लिहावे. घरट्याची किंवा बिळाची नेमकी जागा मात्र देऊ नये. तालुका पुरेसा आहे.

कारंजा तालुका, जि. वाशीम (शेती)

आमचे वावर कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यापासून फार दूर नाही. रोही (नीलगायी) आणि रानडुकरे तुरीत शिरतात म्हणून पौषात मी जागलीला जातो, आणि लांडगे मला पहिल्यांदा तिथेच, झुंजूमुंजू होताना दिसले. आधी कुत्रा वाटला. पण पाय लांब, शेपटी खाली सोडलेली आणि चाल अशी की जणू त्याला दूरच्या गावी पोहोचायचे आहे. पलीकडच्या माळावर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, बसला होता. एक लांडगा उघड्यावर येऊन नुसता उभा राहिला, वाड्यावरची सगळी कुत्री भुंकत त्याच्या मागे धावली, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याने नाल्यातून वर येऊन कोकरू उचलले. मी ओरडेपर्यंत तो काठाआड गेला होता. वाड्यावरचे म्हातारे बाबा हळहळले, पण लांडग्याला शिवी दिली नाही. त्याचाही वाटा असतो, एवढेच म्हणाले.

पुढे माझी स्वतःची एक बकरी गेली तेव्हा मला तितके शांत राहता आले नाही, हे मान्य करतो. वनविभागाला त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घेतला आणि भरपाई मिळाली. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण भरपाई मिळते हे ठाऊक नसल्यामुळे रागाच्या भरात मेलेल्या जनावरावर विष टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्या विषाने लांडग्याबरोबर कोल्हे व गावची कुत्रीही मरतात. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. तरीही ज्या माळावर त्याची पिल्ले वाढत, त्यातला बराचसा भाग आता नांगरला गेला आहे, आणि गेली दोन वर्षे मला फक्त पाऊलखुणा दिसल्या.

धारणी तालुका, जि. अमरावती (शिक्षक)

रानपिंगळा हे छोटे घुबड. तो 1884 नंतर कोणाला सापडला नव्हता आणि तो नामशेष झाला असेच मानले जात होते; 1997 मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढे आमच्या मेळघाटातही आढळला. तो दिवसा वावरतो, त्यामुळे रात्री शोधण्यात अर्थ नाही. माघात सागाची पाने गळाली की सकाळच्या उन्हात शेंड्यावर बसलेला दिसतो. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी असते. ही खूण ओळखायला मला तीन हिवाळे लागले. आवाजाची ध्वनिफीत लावून त्याला बोलावू नये, कारण आपली हद्द राखण्यासाठी तो शिकार सोडून येतो.

गोंदिया तालुका, जि. गोंदिया

सारस पाहायचा असेल तर पावसाळ्यात धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) पाहाव्यात. आमच्या बांधीत एका वर्षी जोडीने घरटे केले, तेव्हा तेवढा तुकडा आम्ही रोवला नाही. उभा राहिला की तो जवळजवळ माणसाएवढा दिसतो.

बुलढाणा तालुका, जि. बुलढाणा

ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला गेलो असता झाडाखाली अस्वल होते. आम्ही बोलत-बोलत जात होतो म्हणून ते आधीच निघून गेले; गुपचूप गेलो असतो तर समोरासमोर आलो असतो.

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

आमच्या जुन्या दगडी विहिरीच्या कोनाड्यात गव्हाणी घुबडांची जोडी आहे. विहीर बुजवायचे ठरले होते आणि घुबड अशुभ म्हणून शेजारीही घाई करत होते. वडिलांनी काठावर पडलेल्या, घुबडांनी ओकलेल्या, केस आणि हाडे असलेल्या गोळ्या पाण्यात भिजवून उकलल्या, त्यातून निघालेल्या उंदरांच्या कवट्या एका परातीत मांडल्या आणि ती परात घेऊन ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर गेले. पिल्ले उडेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, काम थांबले. नंतर तो विषयच निघाला नाही. ही घुबडे पाहायची असल्यास दिवस मावळल्यावर काठापासून दूर उभे राहावे आणि विहिरीत बॅटरी मारू नये, कारण बिचकलेले पिल्लू कोनाड्यातून पाण्यात पडू शकते.