ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड, .४५-७०: दाब वाढल्याचं ओळखायचं कसं?

डॅलसकर:
१८७३ मॉडेलची ट्रॅपडोअर (मागचा ठोकळा दरवाजासारखा वर उघडणारी जुनी अमेरिकी लष्करी रायफल) आहे, लांब नळीची, .४५-७० काडतुसाची. धूरविरहित दारू आणि ४०५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) शिशाची गोळी घालून काडतुसं भरायची आहेत. अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने दारू वाढवत जायची आणि प्रायमर (काडतुसाच्या बुंध्यातली, दारू पेटवणारी टोपी) चपटा दिसला की एक पायरी मागे यायचं, असा बेत आहे. चालेल का?

पुंगळीवाला:
अजिबात नाही. .४५-७० ची सामीने (शस्त्र-काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा २८,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). आजचे प्रायमर आणि पितळी पुंगळ्या (काडतुसाची खोळ) त्याच्या जवळपास दुप्पट दाबापर्यंत सहसा काही खूण दाखवत नाहीत. प्रायमर चपटा दिसेपर्यंत ब्रीचब्लॉकची (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) बिजागरी आणि मागचा खटका केव्हाच झेपेल त्यापलीकडे गेलेले असतात.

गंमत म्हणजे प्रायमर बुंध्याबाहेर डोकावला की लोक घाबरतात. ते बहुतेकदा कमी दाब आणि जास्त हेडस्पेसचं (बंद ठोकळा आणि काडतुसाचा बुंधा यांतली मोकळी जागा) लक्षण. पुंगळी बाहेरून काजळली तरी दाब कमीच: पुंगळीचं तोंड फुगून चेंबरला (नळीतला काडतुसाचा कप्पा) नीट चिकटलेलं नसतं.

काडतुसं भरायच्या मॅन्युअलमध्ये .४५-७० चे रायफलीच्या ताकदीनुसार बहुधा तीन वेगळे तक्ते असतात: ट्रॅपडोअर, मार्लिन १८९५ आणि रुगर नंबर १. पहिल्या तक्त्यातल्या सर्वात कमी मात्रेपासून सुरुवात करा. त्याच तक्त्यातली कमाल मात्रा ही शेवटची हद्द, मग रायफल कितीही धडधाकट वाटो. घटकही तेच ठेवा. प्रायमर किंवा गोळी बदलली तर पुन्हा खालून सुरू.

काळीदारू:
आधी नळी मोजा. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून काढा आणि तिच्यावर उमटलेल्या नळीच्या पिळाच्या खाचांचा व्यास मायक्रोमीटरने बघा. या रायफलींत तो .४५८ इंचाहून जास्त निघणं नेहमीचंच. गोळी बारीक पडली तर कडेने वायू निसटतो, नळीत शिसं बसतं आणि नेम जातो. मग माणूस उगाच दारू वाढवतो. तांब्याच्या कवचाची गोळी इथे नकोच.

जलद जळणारी दारू घेणार असाल तर १०-१२ ग्रेनची मात्रा एवढ्या मोठ्या पुंगळीत दोनदा पडली तरी कळत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारा.

डॅलसकर:
क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) आहे. स्ट्रेन गेजही (नळीचा ताण मोजून दाबाचा अंदाज देणारी पट्टी) घ्यावा का?

पुंगळीवाला:
क्रोनोग्राफ आधी. जुनं लष्करी काडतूस ७० ग्रेन काळ्या दारूवर साधारण १,३५० फूट प्रति सेकंद द्यायचं; त्यापुढे जायची गरज काय? तक्त्यातला कमाल वेग कमी मात्रेतच आला तर तिथेच थांबा. तक्ता किती लांबीच्या नळीवर काढलाय तेही वाचा, तुमची ३२ इंचांहून लांब आहे. थोडा जादा वेग निव्वळ लांबीचा असू शकतो, पण तसं गृहीत धरून मात्रा चढवू नका.

गेज चेंबरवरच्या भागावर चिकटवतात. तिथल्या भिंतीची जाडी अचूक भरली नाही तर आकडा फसवतो. ट्रॅपडोअरसाठी चालणारं कारखान्यातलं काडतूस आधी झाडून त्याच्याशी तुलना करा.

काळीदारू:
काळ्या दारूवर आलात तर एक पथ्य: गोळी आणि दारूत पोकळी ठेवू नका, नळी फुगू शकते. आजच्या जाड बुंध्याच्या पुंगळीत ७० ग्रेन सहज मावत नाही, दाबून बसवावी लागते.