हातात मावणारा लिनक्स संगणक: गरज की नुसती हौस? (चार जणांची चर्चा)

मांडवीकाठ (पणजी)

लिनक्स या खुल्या, हवी तशी बदलता येणाऱ्या प्रणालीवर चालणारा, हातात मावणारा संगणक घ्यावा का, असे ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे आणि ते सर्वस्वी मालकीच्या मुद्द्यावर उभे आहे. नोकियाने २००९ साली आणलेला एन-९०० हा फोन पाहा. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या धर्तीवरची मेमो प्रणाली, सरकवून बाहेर काढायचा कळफलक आणि कंपनीनेच दिलेले टर्मिनल (आज्ञा टंकून देण्याची खिडकी), असे ते यंत्र होते. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनची कास धरली आणि मेमोला वाली उरला नाही. तरीही मेमो लेस्टे या स्वयंसेवी प्रकल्पाने डेव्हुआन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या पायावर त्या यंत्रासाठी नवी प्रणाली उभी केली. त्याच सुमाराच्या अँड्रॉइड फोनांपैकी किती आज मालकाचे ऐकतात, हे ज्याने त्याने आपले कपाट उघडून पाहावे.

मी सध्या व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक हा हातात धरायचा लिनक्स संगणक वापरतो. तो खेळांसाठी बनवलेला आहे, हे मान्य. परंतु डेस्कटॉप मोडमध्ये गेले की केडीई प्लाझ्मा हा खिडक्या-चिन्हांचा नेहमीचा डेस्कटॉप समोर येतो आणि ७ इंची पडद्यावर फायरफॉक्स व लिब्रेऑफिस घरच्या संगणकासारखेच चालतात.

खाजन (दिवाडी)

मालकीचा मुद्दा कागदावर बिनतोड आहे, व्यवहारात तो लंगडा पडतो. एन-९०० हा ३जीपर्यंतचा फोन. जिओकडे २जी आणि ३जी मुळातच नाही, एअरटेलने आपले ३जी २०२० मध्ये गुंडाळले. म्हणजे त्या यंत्रात सिम घालून उपयोग तो काय? २५६ एमबी मेमरीवर आजचे एखादे संकेतस्थळ उघडायला बसलो, तर तेवढ्या वेळात आमची फेरीबोट पलीकडे जाऊन परत येईल.

नवी यंत्रे घेतली तरी अडचण संपत नाही. आज मासळीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते आणि यूपीआयची ॲपे अँड्रॉइड किंवा आयफोनवरच्या सिमला बांधलेली असतात. पाईनफोन या लिनक्सवरच्या फोनवर वेड्रॉइड हे साधन बसवून अँड्रॉइडची ॲपे उघडता येतात हे खरे, पण बँकांची ॲपे यंत्राची तपासणी करतात आणि बहुधा तिथेच पाय रोवून बसतात. तेव्हा खिशातला फोन सुटत नाही, उलट सांभाळायला दुसरे यंत्र येते. स्टीम डेक तर व्हॉल्व्ह भारतात अधिकृतपणे विकतच नाही. आयात केलेले यंत्र आमच्या जून-जुलैच्या दमट हवेत बिघडले, तर हमीचा कागद घेऊन कुणाच्या दारात उभे राहायचे?

आणखी एक. आपण ज्या यंत्राच्या मालकीचे गोडवे गाता, त्याची मूळ फाइल-प्रणाली केवळ वाचण्यापुरती खुली आहे. ती उघडून पॅकमन या पॅकेज बसवण्याच्या साधनाने मराठी टंकलेखनाचे पॅकेज बसवले, तरी प्रणाली अद्ययावत झाली की ते पुसले जाते. ही कसली मालकी?

मांडवीकाठ (पणजी)

पुसले जाते, हे खरे आहे. पण ते कुलूप एका आज्ञेने उघडते, ती आज्ञा निर्मात्याने लपवलेली नाही, आणि उघडल्याबद्दल यंत्र मला कुठलीही शिक्षा करत नाही. फ्लॅटपॅक या मूळ प्रणालीला हात न लावणाऱ्या पद्धतीने बसवलेले सारे अद्ययावतीकरणानंतरही जागच्या जागी राहते. आणि एवढेही नको असेल तर संपूर्ण प्रणाली काढून दुसरी बसवता येते. याउलट अँड्रॉइड फोनचा बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा मूळ प्रोग्राम) उघडला की आपण सांगितलेली तीच बँकेची ॲपे तोंड फिरवतात. दोन्ही ठिकाणी कुलूप आहे, फक्त किल्ली कुणाकडे, एवढाच माझा प्रश्न आहे.

उंडो (मडगाव)

मग टर्मक्स हे अँड्रॉइडवर टर्मिनल देणारे ॲप काय वाईट? अँड्रॉइडच्या पोटात कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनक्सचेच आहे. हाती असलेल्या फोनला ब्लूटूथ कळफलक जोडावा आणि पायथन, गिट, एसएसएच ही प्रोग्रामरांची साधने सारी चालवावीत. वेगळ्या यंत्राचा खर्च कशाला?

डिचोलीकर

उंडो यांचा सल्ला छोट्या कामांना पुरतो. मोठे काम लावून फोन खिशात टाकला की गाडी अडते, कारण अँड्रॉइड १२ पासून साऱ्या ॲपांनी मिळून सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर ३२ ची मर्यादा आली आणि ती ओलांडली की प्रणाली त्या परस्पर मारून टाकते. माझे काम नेमके त्याच प्रकारचे आहे. जुन्या मराठी मासिकांच्या पानांचे फोटो घ्यायचे आणि टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी माहितीसंचाने त्यांचा मजकूर काढायचा. स्टीम डेकच्या प्रोसेसरचे चारही कोर यात राबतात, इंटरनेट लागत नाही, आणि पावसात वीज गेली तरी काम मध्येच तुटत नाही. निघालेला मजकूर अर्थात तपासावाच लागतो; छपाई पुसट असेल तर ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो.

एक उणीव मात्र लिनक्सच्या कैवाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य करावी. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचे घर देते आणि देवनागरी त्या घरांत नीट नांदत नाही. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द तिथे छापून पाहा. वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे असा प्रकार होऊ शकतो. तीच फाइल केट या मजकूर-संपादकात उघडली की अक्षरे शहाण्यासारखी जुळतात, म्हणून मी टर्मिनलमध्ये फक्त आज्ञा देतो आणि मराठी केटमध्ये वाचतो.

खाजन (दिवाडी)

पानांचे फोटो आपण कशाने काढता? स्टीम डेकला कॅमेरा नाही. म्हणजे फोन आलाच.

अशा यंत्रांचा इतिहासही विसरू नये. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरची मंडळी यांनी मिळून सिम्प्युटरची कल्पना मांडली. तो लिनक्सवर चालणारा, हातात धरायचा, गरिबांनाही वापरता यावा असा संगणक होता. स्मार्ट कार्डाच्या साहाय्याने एकच यंत्र गावातल्या अनेकांनी वापरावे, अशी योजना होती. २००४ मध्ये त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती बाजारात आली, पण विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही. यंत्र वाईट नव्हते. लोकांना तेव्हा साधा मोबाइल हवा होता.

डिचोलीकर

फोटो फोननेच काढतो आणि केडीई कनेक्ट या ॲपने स्टीम डेककडे पाठवतो. फोनचा कॅमेरा वापरणे आणि आपले सारे काम फोनच्या हवाली करणे, यांत मी फरक करतो. सिम्प्युटर खपला नाही म्हणून तशा यंत्राची गरजच नाही, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. तो सर्वांसाठी होता, आणि मी सर्वांनी घ्यावे असे म्हणतच नाही.

खाजन (दिवाडी)

तसे असेल तर आपला वाद बराच आटोपला. माझ्या हिशेबाने त्याच पैशात वापरलेला चांगला लॅपटॉप येतो, त्यावर हवे ते लिनक्स चढते आणि त्याचे सुटे भाग जवळपासच्या दुकानातही मिळतात. स्टीम डेकच्या मूळ आवृत्तीत बॅटरी चक्क गोंदाने चिकटवलेली आहे. ती गोव्यात खात्रीने कोण बदलून देतो, एवढे कुणीतरी इथे लिहा. किमतीचे त्यानंतर बोलू.