सातो पळाला नाही

कुणीतरी लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धात, नागालँडमधल्या कोहिमाच्या लढाईत सातोच्या जपानी ३१ व्या डिव्हिजनने कच खाल्ली. नाही पटलं. १५ मार्च १९४४ ला ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडताना या लोकांकडे जेमतेम तीन आठवड्यांची शिधा होती. पुढचं अन्न म्हणे कोहिमात शत्रूचंच, म्हणजे ब्रिटिशांचंच मिळेल! सोबत हाकलेली गुरं बरीचशी नदीत आणि डोंगरांतच गेली.

आणखी एक, जे कुणी काढतच नाही. कोहिमाआधी याच डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट मणिपूरमधल्या सांगशाकला अडकली. तिथे भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. २२ ते २६ मार्च. आपल्या लोकांना ठाणं शेवटी सोडावं लागलं, पण ते दिवस ब्रिटिशांना कोहिमाच्या तयारीला मिळाले.

मेअखेर कोहिमात जपान्यांकडे दारूगोळा नाही, तांदूळ नाही, वरून पाऊस. डिव्हिजन कमांडर सातोने वरिष्ठ मुतागुचीचा हुकूम धुडकावून माघार घेतली. जपानी सैन्यात हे जवळजवळ अघटितच. सातोला स्वतःवर कोर्ट मार्शल (लष्करी खटला) हवं होतं, म्हणजे सगळं बाहेर आलं असतं. वरच्यांनी त्याला मानसिक रुग्ण ठरवून विषय मिटवला.